महेश्वरच्या अहिल्याबाई

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा अहिल्याबाईंखेरीज दुसरे नाव माझ्या मनात आले नाही. त्यांची देवळे व घाट आपणा सर्वांना ठाऊक आहेत. मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या एकटेपणाविषयी; कारण ते दुःख आपल्यापैकी पुष्कळजणींच्या ओळखीचे आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चोंडी येथे माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. मल्हारराव होळकरांची सून होऊन त्या माळव्यात गेल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून त्यांचे पती खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या, पण सासऱ्यांनी विनवणी करून त्यांना मागे फिरविले. एवढ्यावर मल्हारराव थांबले नाहीत. स्वतः स्वारीवर असताना दौलतीचा हिशेब, फौजेची रसद, तोफखान्याची व्यवस्था अशी कामे त्यांनी सुनेवर सोपविली. विधवेला कोपऱ्यात बसविण्याच्या त्या काळी हे केवढे धाडस!

१७६६ साली मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा आग्रह धरला व राघोबादादा फौजेनिशी चालून आले. बाईंनी शेजारच्या सरदारांकडे मदत मागितली, लढाईची तयारी केली आणि थोरल्या माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळविला. दादांना न लढताच माघार घ्यावी लागली. फौजेचे काम बाईंनी तुकोजीरावांकडे दिले, कारभार स्वतःकडे ठेवला आणि नर्मदाकाठच्या महेश्वरी राजधानी नेली.

तो काळ सततच्या स्वाऱ्यांचा. तुकोजीराव वर्षानुवर्षे मुलखाबाहेर असत, तेथून पैशाची मागणी येई आणि त्यावरून दोघांत खटकेही उडत. घरोघरचे पुरुष मोहिमेवर गेलेले. अशा दिवसांत बाईंनी त्या लहानशा गावात विणकर आणून वसविले. महेश्वरी लुगड्याचे नाव आजही सर्वत्र आहे. विधवांना नवऱ्याची मालमत्ता मिळावी, दत्तक घेता यावा, याकडे त्यांनी लक्ष पुरविले. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली बांधविले. महेश्वरच्या वाड्यात मातीची शिवलिंगे करून, पूजून नर्मदेत सोडण्याची चाल आजही चालू आहे. मी तो वाडा पाहिला आहे. राजवाडा म्हणावा असे त्यात काहीच नाही. एखाद्या खाऊनपिऊन सुखी घराण्याचे घर वाटावे, इतका तो साधा.

पण दैव अजून थकले नव्हते. कन्या मुक्ताबाई हाच काय तो आधार उरला होता. तिचा तरुण मुलगा क्षयाने गेला आणि १७९१ साली पती यशवंतराव फणसेही गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने पदर पसरला, परोपरीने विनविले, पण व्यर्थ! जिला सासऱ्याने मागे फिरविले होते, तिला स्वतःच्या लेकीला मागे फिरविता आले नाही. जिच्या शब्दाने सारा मुलूख चाले, तिचे अश्रू रूढीपुढे हरले. नर्मदाकाठी ती चिता आईला डोळ्यांनी पाहावी लागली. त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी अन्नपाणी सोडल्याचे सांगतात. पुढे १७९३ साली लाखेरीला होळकरांची फौज शिंद्यांच्या फौजेशी लढून हरली. मराठेच मराठ्यांशी लढले, हे दुःखही बाईंना पाहावे लागले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरीच त्यांनी देह ठेवला.

देवभक्तीने त्यांचे दुःख नाहीसे झाले, असे मला वाटत नाही. मुले गेली ती गेलीच. परंतु सकाळी पूजा आटोपली की दाराशी गाऱ्हाणी घेऊन माणसे उभी असत, आणि त्या ती ऐकत. भक्तीने त्यांना उठविले व लोकांनी त्यांना उभे ठेवले.

मल्हाररावांनी सुनेला सांत्वनाबरोबर काम दिले, हेच मला या चरित्रात सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या आळीतही एकट्या पडलेल्या बायका आहेत. त्यांच्याकडे हळदीकुंकवाचे बोलावणे जात नाही, आणि पुष्कळदा मंडळाचेही नाही. पुढच्या वर्षी त्यांना बोलवावेच. पण नुसते बसवून न ठेवता हिशेबाची वही, भजनाची पेटी किंवा भांडाराची किल्ली त्यांच्या हाती द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.