आधी स्वतःला टोचून घेतले



बाळाला लस टोचताना मन कचरते. त्यामागे मायाच असते.

शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरताच ते तेथे आले. त्यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, पद गेले. दोष लसीत नव्हता, बाटली उघडताना जंतू शिरले होते, हे पुढे उघड झाले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. १९३० साली ते वारले. परळची संस्था १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पालकहो, शंका मनात दडवू नका. नर्सताईंना जरूर विचारा. पण विचारायला जाताना बाळाला सोबत न्या.