तटबंदीआडचा सेनापती : लियान पो

चीनच्या इतिहासातील इ. स. पूर्व पाचव्या शतकापासून इ. स. पूर्व २२१ पर्यंतचा काळ ‘युद्धरत राज्यांचा कालखंड’ म्हणून ओळखला जातो. सात मोठी राज्ये या काळात एकमेकांच्या जिवावर उठली होती. त्यांपैकी झाओ हे उत्तरेकडचे राज्य. आजच्या शान्शी आणि हपै या प्रांतांत ते पसरले होते आणि हांदान ही त्याची राजधानी होती. उत्तरेला भटक्या घोडेस्वार टोळ्यांचा गवताळ प्रदेश, तर पश्चिमेला दिवसेंदिवस बलाढ्य होत चाललेले चिन राज्य! अशा कोंडीत सापडलेल्या भूमीत लढवय्ये निपजले नसते तरच नवल. इ. स. पूर्व ३०७ मध्ये झाओच्या वूलिंग राजाने आपल्या सैनिकांचे पायघोळ झगे उतरवून त्यांना टोळीवाल्यांसारख्या तुमानी चढवल्या आणि घोड्यावरून बाण मारण्याची विद्या शिकवली. या मातीतूनच पुढे थोर सेनापतींची एक परंपरा उभी राहिली.

या कालखंडातील सर्वश्रेष्ठ सेनापती म्हणून चिनी परंपरा चार नावे घेते. त्यांपैकी बै छी आणि वांग च्येन हे दोघे चिनचे, तर लियान पो आणि ली मू हे झाओचे. चिनच्या दोघांनी राज्ये बुडवली, झाओच्या दोघांनी आपले राज्य सांभाळले. शत्रूला मैदानात या दोघांचा निकाल लावता आला नाही. दोघांचाही घात हांदानच्या दरबारातच झाला. लियान पोची हकिकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

त्याच्या जन्माचे वर्ष उपलब्ध नाही. त्याच्या आयुष्याची बहुतेक माहिती सिमा चिएन या इतिहासकाराच्या इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या ‘शिजी’ या ग्रंथातून मिळते. त्यात लियान पो प्रथम दिसतो तोच विजयी सेनानी म्हणून. हुईवन राजाच्या कारकिर्दीत, इ. स. पूर्व २८३ मध्ये, त्याने पूर्वेकडील छी राज्याच्या सैन्याचा मोठा पराभव केला. त्याला उच्च मंत्र्याचा दर्जा मिळाला आणि त्याच्या शौर्याचा बोलबाला साऱ्या राज्यांत झाला.

त्याच सुमारास दरबारात लिन श्यांगरू नावाच्या माणसाचा उदय होत होता. हा मूळचा एका खोजा अधिकाऱ्याचा आश्रित. झाओकडे एक दुर्मिळ जेड रत्न होते आणि त्याच्या बदल्यात १५ शहरे देण्याचे आमिष चिनच्या राजाने दाखवले होते. लिन ते रत्न घेऊन चिनच्या दरबारी गेला, शहरे देण्याचा राजाचा विचार नाही हे त्याने ताडले आणि रत्न सुखरूप परत पाठवून दिले. पुढे इ. स. पूर्व २७९ मध्ये मियांची येथे दोन्ही राजांची भेट ठरली. चिनकडून दगाफटका होण्याची भीती होती. सीमेपर्यंत राजाला पोहोचवायला गेलेल्या लियान पोने तेव्हा निरोप घेताना एक विलक्षण परवानगी मागितली. ३० दिवसांत राजा परतला नाही, तर युवराजाला गादीवर बसवावे, म्हणजे राजाला ओलीस धरून चिनला काही उकळता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. राजानेही ते मान्य केले. राजाच्या तोंडावर असे बोलण्यास धैर्य लागते आणि ते ऐकून घेण्यासही मोठे मन लागते. पुढच्या राजांकडे ते नव्हते.

मियांचीला लिनने चिनच्या राजापुढे आपल्या राजाचा मान राखला आणि परतल्यावर त्याला लियान पोपेक्षाही वरचे स्थान मिळाले. सेनापतीचा संताप अनावर झाला. आपण किल्ले जिंकायचे, रणात रक्त सांडायचे आणि जिभेच्या बळावर वर चढलेल्या हलक्या कुळातील माणसाने आपल्या वर बसायचे! लिन भेटला तर त्याचा पाणउतारा केल्यावाचून राहणार नाही, असे तो उघडपणे सांगू लागला. लिन मात्र आजारपणाचे निमित्त काढून दरबारात जाणे टाळू लागला. रस्त्यात दुरून सेनापतीचा रथ दिसला, की तो आपला रथ वळवून बाजूला होई. त्याच्या पदरच्या माणसांना याची लाज वाटू लागली व त्यांनी निरोप मागितला. तेव्हा लिनने त्यांना समजावले, की चिनच्या राजाला भर दरबारात न भिणारा आपण लियान पोला भिण्याचे कारण नाही. परंतु चिन झाओवर चालून येत नाही ते आपण दोघे आहोत म्हणून, आणि दोन वाघ भांडले तर दोन्ही उरणार नाहीत.

हे बोलणे सेनापतीच्या कानावर गेले. त्याने अंगरखा उतरवला, उघड्या पाठीवर काटेरी फोकांची मोळी बांधली आणि तो लिनच्या दारी क्षमा मागायला गेला. या फोकांनी मला फटके मार, असा त्याचा अर्थ. त्या दिवसापासून दोघे जिवाला जीव देणारे मित्र झाले. काटेरी फोका पाठीवर घेणे हा चिनी भाषेत मनापासून माफी मागण्याचा वाक्प्रचार झाला असून, पेकिंग ऑपेरातही या मनोमिलनाचे नाट्य लोकप्रिय आहे. लिनने जिथे रथ मागे वळवला अशी आख्यायिका असलेली एक अरुंद गल्ली हांदान शहरात आजही दाखवतात.

सेनापतीची खरी कसोटी यानंतर लागली. इ. स. पूर्व २६२ मध्ये चिनच्या आक्रमणाने हान राज्याचा शांगदांग हा डोंगराळ प्रदेश मूळ राज्यापासून तुटला. तेथील सुभेदाराने तो चिनच्या हाती न देता १७ शहरांसह झाओला देऊ केला. नव्या श्याओचंग राजाला या आयत्या लाभाचा मोह आवरला नाही. चिनच्या तोंडचा घास काढून घेण्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. इ. स. पूर्व २६० मध्ये चांगपिंग येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. झाओचे नेतृत्व लियान पोकडे होते. सुरुवातीच्या चकमकींत त्याचे काही अधिकारी पडले, काही ठाणी गेली. त्याने लगेच ओळखले, की उघड्या मैदानात चिनशी टक्कर घेणे परवडणारे नाही. त्याने तट उभारले, सैन्य आत घेतले आणि चिनने कितीही डिवचले तरी बाहेर पडायचे नाही, असे ठरवले. चिनची रसद फार दुरून येत होती. वेळ जाऊ देणे हेच त्याचे शस्त्र होते.

राजाला मात्र हा भेकडपणा वाटला. त्याने सेनापतीला वारंवार खरमरीत निरोप धाडले. राजाची घाई अगदीच अनाठायी होती असेही म्हणवत नाही. झाओच्या फौजेलाही धान्य कमी पडत होते आणि छी राज्याने धान्य देण्याचे नाकारले होते. परंतु पोट हातावर आहे म्हणून खड्ड्यात उडी घेणे हा त्यावरचा इलाज नव्हे. चिनचा मुख्यमंत्री फान च्यू याने ही अस्वस्थता अचूक हेरली. त्याने सोने पेरून हांदानमध्ये अफवा उठवली, की लियान पोला हाताळणे सोपे आहे, तो लवकरच शरण येणार आहे. चिनला धास्ती आहे ती फक्त झाओ क्वो सेनापती होण्याची.

झाओ क्वो हा झाओ शे या नामांकित दिवंगत सेनापतीचा मुलगा. युद्धशास्त्राचे ग्रंथ त्याला मुखोद्गत होते आणि वादात तो वडिलांनाही हार जात नसे. मात्र युद्ध हा मरणाचा व्यवहार असून मुलगा त्याविषयी फार सहज बोलतो, ही वडिलांची चिंता होती. आजारी लिन श्यांगरूने त्याच्या नेमणुकीस विरोध केला. खुद्द झाओ क्वोच्या आईने राजाला पत्र लिहून मुलाला पाठवू नये अशी विनवणी केली. पतीला मिळालेली बक्षिसे तो सैनिकांत वाटून टाकी, मुलगा मात्र ती घरी साठवतो आणि जमिनी-घरे विकत घेतो, हा तिचा दाखला होता. राजा बधला नाही. तेव्हा पराभव झाल्यास आपल्याला शिक्षेत गोवू नये, एवढे वचन तिने मागून घेतले.

लियान पो परत फिरला. तिकडे चिनने गुप्तपणे बै छीला सेनापती नेमले आणि ही बातमी फोडणाऱ्यास देहदंड जाहीर केला. झाओ क्वो तटाबाहेर पडला, बै छीने माघारीचे सोंग केले आणि पाठलागावर आलेल्या सैन्याची पिछाडी तोडून त्याला वेढले. चिनचा राजा जातीने आघाडीजवळच्या प्रांतात आला आणि १५ वर्षांवरील पुरुषांची भरती करून त्याने झाओची रसद रोखली. ४६ दिवस अन्नाचा कण न मिळालेल्या फौजेने अखेरचे हल्ले चढवले. झाओ क्वो बाणांना बळी पडला, उरलेले शरण आले. ‘शिजी’च्या म्हणण्याप्रमाणे शरणागत ४ लाख सैनिकांची कत्तल झाली आणि फक्त २४० अल्पवयीनांना परत धाडण्यात आले. आजचे अनेक अभ्यासक हा आकडा फुगवलेला मानतात. तथापि, शान्शीतील काओफिंगजवळच्या योंगलू गावात १९९५ मध्ये उत्खनन झालेल्या एकाच खड्ड्यात शंभराहून अधिक माणसांचे सांगाडे मिळाले आणि अनेकांच्या हाडांवर शस्त्रांचे घाव होते. (आपल्याकडचे कलिंगाचे युद्धही साधारण याच सुमाराचे.)

पदावरून गेल्यावर लियान पोच्या वाड्यातले आश्रित एकेक करून निघून गेले होते. पुढे इ. स. पूर्व २५१ मध्ये, झाओचे तरुण चांगपिंगला संपले आणि पोरे अजून लहान आहेत असा हिशेब करून येन राज्याने स्वारी केली. म्हातारा सेनापती पुन्हा उभा राहिला. त्याने येनच्या सेनापतीला ठार केले, त्यांच्या राजधानीला वेढा घातला आणि पाच शहरे घेऊनच तह केला. त्याला जहागीर व मुख्यमंत्र्याचा कारभार मिळाला. तेव्हा गेलेली माणसे परत आली. त्याने त्यांना हाकलायला सुरुवात केली. त्यावर एकाने शांतपणे सांगितले, की हा बाजाराचा रिवाज आहे, सत्ता असते तेव्हा लोक येतात, नसते तेव्हा जातात, यात रागावण्याजोगे काय आहे?

त्याला ते पटले की नाही, हे ग्रंथकार सांगत नाही. बहुधा नसावे. कारण इ. स. पूर्व २४५ मध्ये श्याओचंग राजा वारला आणि नव्या राजाने लियान पोला दूर करून य्वे चंग याला नेमले, तेव्हा एकेकाळी काटेरी फोका पाठीवर घेणाऱ्या या माणसाला तो अपमान गिळता आला नाही. आपल्या जागी आलेल्या सेनापतीवरच त्याने हल्ला चढवला. य्वे चंग पळाला आणि पाठोपाठ लियान पोलाही देश सोडून वेई राज्याच्या दालियांग या राजधानीचा आश्रय घ्यावा लागला. अन्याय त्याच्यावर झाला होता हे खरे, पण स्वतःच्या राज्याच्या फौजेवर शस्त्र उगारण्याचे समर्थन कसे करणार? तेव्हा त्याला आवरणारा लिन दरबारात नव्हता.

वेईने त्याला ठेवून घेतले, पण विश्वास टाकला नाही. इकडे चिनच्या माराने बेजार झालेल्या झाओच्या राजाला पुन्हा त्याची आठवण झाली. म्हातारा अजून कामाचा आहे का, हे पाहायला दूत गेला. लियान पोचे डोळे परतीच्या वाटेकडेच लागले होते. त्याने दूतासमोर एका बैठकीत एक तौ, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोन लिटर, तांदळाचा भात आणि दहा चिन, म्हणजे सुमारे अडीच किलो, मांस संपवले. मग चिलखत चढवून घोड्यावर मांड टाकली. परंतु त्याचा जुना वैरी गुओ कै याने दूताला आधीच भरपूर सोने चारले होते. सेनापती वृद्ध असूनही चांगले जेवतात, मात्र थोड्या वेळात तीनदा शौचास जाऊन आले, असे दूताने राजाला सांगितले. राजाने त्याला बोलावण्याचा विचार सोडून दिला.

पुढे दक्षिणेच्या चू राज्याने त्याला गुपचूप नेऊन सेनापती केले. तेथे त्याच्या हातून काहीच घडले नाही. आपल्याला झाओची माणसे हवीत, असे तो म्हणत राही. आजच्या आन्हुई प्रांतातील शौचुन येथे परक्या मुलखात त्याचा अंत झाला.

झाओची धुरा त्यानंतर ली मूने वाहिली. उत्तर सीमेवर श्योंगनू टोळ्यांसमोर वर्षानुवर्षे तटाआड थांबून त्याने योग्य वेळी त्यांचा धुव्वा उडवला होता आणि पुढे चिनच्या फौजांनाही परतवून लावले होते. इ. स. पूर्व २२९ मध्ये वांग च्येन मोठी फौज घेऊन आला, तेव्हाही तो त्याच्यासमोर ठाम उभा राहिला. चिनने पुन्हा सोने धाडले, आणि ते घेणारा हात पुन्हा गुओ कैचाच होता. ली मू फितुरी करत असल्याचे राजाच्या कानात भरवण्यात आले. त्याला पदच्युत करून ठार मारण्यात आले. पुढच्याच वर्षी, इ. स. पूर्व २२८ मध्ये, हांदान पडले आणि झाओचा राजा चिनच्या कैदेत गेला.