तबकडीचा जनक : एमिल बर्लिनर

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तालुक्याच्या गावी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली काम करीत होतो. एके दिवशी एक सेवानिवृत्त गुरुजी चादरीत गुंडाळलेला जुना रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. त्यावर तबकडी लावली की गाणाऱ्या बाईंचा आवाज पुरुषासारखा घोगरा निघे आणि प्रत्येक लांब सुराला हेलकावे बसत. गुरुजींना वाटत होते, स्पीकर गेला. दुकानातल्या काकांनी वरची थाळी उचलली, खालचा रबरी पट्टा बोटावर ताणून दाखवला. तो सैल पडला होता. नवा पट्टा बसला आणि त्याच बाई पुन्हा आपल्या आवाजात गाऊ लागल्या. गुरुजी गाणे संपेपर्यंत उभेच्या उभे ऐकत राहिले.

एवढ्या मोठ्या गायिकेचे गाणे रबराच्या एका कड्यावर अवलंबून असावे, याचे मला नवल वाटले. ही फिरती तबकडी काढली कोणी, असे विचारल्यावर दुकानात, घरी आणि वर्गातही एकच नाव मिळाले : एडिसन. पुस्तके चाळल्यावर कळले की ते उत्तर अर्धेच बरोबर आहे. आवाज साठवून पुन्हा ऐकवणारे पहिले यंत्र एडिसनचे खरे. पण गुरुजींच्या मांडीवर होती ती चपटी तबकडी आणि ती फिरवणारी थाळी एमिल बर्लिनरची.

एमिलचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. भावंडे पुष्कळ, मिळकत बेताची. वुल्फेनब्युटेल येथील शाळेतून १८६५ साली तो बाहेर पडला तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि त्याचे रीतसर शिक्षण तेथेच संपले. पुढे छापखान्यात उमेदवारी, नंतर दुकानात नोकरी. १८७० साली फ्रान्सबरोबरच्या युद्धाचे वारे वाहू लागले. सैन्यात भरती होण्याची वेळ येण्याआधीच त्याने अमेरिकेची बोट धरली आणि वॉशिंग्टनमध्ये एका ओळखीच्या माणसाच्या कापड दुकानात तो कारकुनी करू लागला.

काही वर्षांनी तो न्यूयॉर्कला गेला. तेथे त्याने पडेल ते काम केले. सरस विकला, जर्मन भाषेच्या शिकवण्या घेतल्या, पुढे ज्याने सॅकरीन शोधून काढले त्या फालबर्गच्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळल्या. दिवस असा गेल्यावर रात्री तो कूपर इन्स्टिट्यूटच्या मोफत वाचनालयात जाऊन बसे. वीज आणि ध्वनी यांविषयी तो जे शिकला ते बव्हंशी तेथेच आणि असेच. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून असेल कदाचित, पण हा भाग मी दोनदा वाचला.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या टेलिफोनचा गाजावाजा झाला. त्यात ऐकण्याची सोय बरी होती, बोलण्याची फार दुबळी. बर्लिनर तेव्हा पुन्हा वॉशिंग्टनला कापड दुकानात आला होता. तारायंत्रावर काम करणाऱ्या एका मित्राने त्याला सहज सांगितले की तारेची कळ जोराने दाबावी लागते. जोर जास्त तर वीज जास्त जाते. एवढ्या बोलण्यातून त्याला धागा सापडला. दोन वाहक एकमेकांना नुसते टेकलेले ठेवले आणि आवाजाच्या लहरींनी त्यांच्यावरचा दाब कमीजास्त केला, तर वीजही तशीच कमीजास्त होईल. साबणाच्या खोक्यातून त्याने हे यंत्र उभे केले आणि १८७७ साली पेटंटसाठी अर्ज केला. बेल कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि त्याला नोकरीही दिली. पेटंट हाती यायला मात्र १८९१ साल उजाडले, म्हणजे चौदा वर्षे! त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि या शोधाचा मान शेवटी न्यायालयांनी एडिसनला दिला. बर्लिनरच्या आयुष्यात एडिसन असा वारंवार आडवा येतो.

१८८१ साली बर्लिनर अमेरिकेचा नागरिक झाला. त्याच वर्षी त्याचे कोरा ॲडलर हिच्याशी लग्न झाले आणि भाऊ जोसेफ याच्याबरोबर त्याने हॅनोव्हरला टेलिफोनचा कारखाना काढला. थोड्याच वर्षांत त्याने बेल कंपनीची नोकरी सोडली. बांधलेला पगार सोडून स्वतःच्या कल्पनेमागे जायचे म्हणजे घरात बायको-मुले असताना सोपी गोष्ट नव्हे.

एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफमध्ये आवाज नळकांड्यावर उमटे आणि सुई खालीवर होत खोल-उथळ खाच पाडी. त्यात दोन अडचणी होत्या. एक, त्या खाचेतून सुई आपोआप पुढे सरकत नसे, तिला ढकलायला वेगळा आट्यांचा दांडा लागे. दुसरी मोठी होती. नळकांड्याच्या प्रती सहज निघत नसत. गायकाने पाच-सहा यंत्रांसमोर उभे राहून तेच गाणे दिवसभर पुन्हापुन्हा म्हणायचे, असा तो काळ होता.

बर्लिनरने दोन्ही अडचणींवर एकदम घाव घातला. फ्रान्समधील स्कॉट याने १८५७ साली ध्वनीची रेघ काजळीवर काढून दाखवणारे यंत्र केले होते. ते आवाज नुसता लिहीत असे, वाचून दाखवीत नसे. त्यात सुई डावी-उजवीकडे हलत असे. बर्लिनरने तीच चाल उचलली. खाचेची खोली सर्वत्र सारखी, फक्त वळणे डावी-उजवी. आता खाचेच्या दोन भिंती सुईला धरून आपोआप आत आत नेऊ लागल्या. ८ नोव्हेंबर १८८७ रोजी त्याला ग्रामोफोनचे पेटंट मिळाले. त्यात अजून नळकांडेच होते. पण लवकरच तो सपाट तबकडीवर आला.

त्याची कृती वाचताना मला आमच्या गावातल्या कल्हईवाल्याची आठवण झाली. जस्ताचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. सुई हलत जाते तेथले मेण खरवडले जाते आणि धातू उघडा पडतो. मग पत्रा क्रोमिक आम्लात ठेवायचा. उघड्या रेघेपुरताच धातू खाल्ला जातो, बाकीचा मेणाखाली सुरक्षित. या पत्र्यावर विजेने धातू चढवून उलटा साचा काढायचा आणि त्या साच्याखाली, गृहिणी साच्यात संक्रांतीचे हलव्याचे नव्हे पण सांदणाचे पीठ दाबावे तशा, हव्या तितक्या तबकड्या दाबून काढायच्या. एकदाच गायचे आणि हजारो घरांत ऐकू जायचे. माझ्या मते बर्लिनरचा खरा शोध हा साचा आहे. १६ मे १८८८ रोजी त्याने फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये आपला ग्रामोफोन विद्वानांपुढे वाजवून दाखवला.

पण जगाने त्याला आधी खेळण्याच्या दुकानात बसवले. जर्मनीतल्या एका बाहुल्या करणाऱ्या कारखान्याने त्याची छोटी हातयंत्रे व तळहाताएवढ्या तबकड्या विकल्या. १८९४ च्या सुमारास अमेरिकेत सात इंची तबकड्या बाजारात आल्या. कठीण रबराच्या तबकड्या नीट वठत नव्हत्या, म्हणून पुढे लाखेचे मिश्रण आले. ही लाख बहुतांशी आपल्या देशातली. झाडांच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली, आदिवासी बायाबापड्यांनी खरवडून गोळा केलेली. जवळजवळ पन्नास वर्षे जगभरचे संगीत त्या लाखेवर फिरले. तबकडीच्या इतिहासात ही माणसे कोठेच दिसत नाहीत, हे मला खटकते.

आता त्या सैल पट्ट्याकडे येतो. बर्लिनरची थाळी हाताने फिरवावी लागे. हात माणसाचा, तो कधी जलद, कधी सावकाश. वेग शेकडा सहाने घटला की सूर हार्मोनियमच्या जवळजवळ एका पट्टीने उतरतो. म्हणजे तबकडीवर गाणे कितीही उत्तम असो, फिरवणाऱ्याचा हात थकला की गवई बेसूर! या एका दोषामुळे ग्रामोफोन खेळणेच राहिला असता.

येथे एल्ड्रिज जॉन्सन येतो. कॅमडेन गावी त्याचे छोटे वर्कशॉप होते. शाळेच्या मुख्याने त्याला कॉलेजला जाण्याइतकी अक्कल नाही म्हणून धंदा शिकायला पाठवले होते. (आमच्या प्राध्यापकांनी कृपया राग मानू नये.) १८९६ साली त्याने ग्रामोफोनसाठी स्प्रिंगची मोटर नीट जमवून दिली. तिच्यातली खुबी नियंत्रकात होती. पोलादी पट्ट्यांवर बसवलेली लहान वजने थाळीबरोबर गरगरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, एक चकती ओढली जाते, ती मऊ गादीला घासते आणि वेग आवरतो. वेग कमी झाला की पकड सुटते. यंत्र स्वतःच स्वतःचा लगाम धरते. चावी भरलेला कर्ण्याचा ग्रामोफोन सुरात गाऊ लागला तो यामुळे. बर्लिनरला जे जमले नाही ते एका मेकॅनिकने केले आणि बर्लिनरने ते मोकळ्या मनाने घेतले.

आज मोटारगाडीच्या किमतीचे टर्नटेबल विकले जातात. भौतिकशास्त्राच्या सरांकडून समजून घेतले तेव्हा लक्षात आले की ते सगळे वैभव याच जुन्या दुखण्यावरचे औषध आहे. थाळी जड करायची, म्हणजे ती एकदा फिरू लागली की वेग सहजी ढळत नाही. मोटर पट्ट्याने दूर ठेवायची, म्हणजे तिची थरथर सुईपर्यंत पोचत नाही. किंवा १९७० साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने बाजारात आणले तसे थाळीचा आसच मोटरचा आस करायचा आणि वेग विजेने राखायचा. सुईचा दांडा एका टोकाला खिळलेला, म्हणून तो कमानीत फिरतो. खाच कोरणारी सुई मात्र सरळ रेषेत आत गेलेली असते. हा फरक कमी करण्यासाठी दांड्याला बाक देतात. तरी एक उणीव राहतेच, आणि ती बर्लिनरच्या निवडीतच आहे. थाळीचे फेरे सारखे असले तरी सुईखालून खाच सारख्या वेगाने जात नाही. मोठ्या एलपी तबकडीवर बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते, आत शेवटाला सुमारे २१. त्यामुळे शेवटच्या गाण्याचे बारकावे दाटीत सापडतात. एडिसनच्या नळकांड्यात हा दोष नव्हता. या एका मुद्द्यावर एडिसन सरस होता, हे कबूल केले पाहिजे.

मोटर आली, विक्री वाढली आणि भांडणे सुरू झाली. अमेरिकेतील विक्रीचा मक्ता बर्लिनरने न्यूयॉर्कच्या फ्रँक सीमन याला दिला होता. नफ्यावरून बिनसले. सीमन दुसरे यंत्र विकू लागला, प्रतिस्पर्धी कंपनीशी हातमिळवणी करून बसला, आणि १९०० साली त्याने न्यायालयाकडून असा मनाई हुकूम आणला की बर्लिनरला अमेरिकेत आपलाच ग्रामोफोन विकता येईना. बाप आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर! तो कॅनडात मॉन्ट्रिअलला गेला आणि तेथे त्याने धंदा चालवला. अमेरिकेतील गादी जॉन्सनकडे गेली. १९०१ साली त्याने व्हिक्टर कंपनी स्थापन केली. कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे चित्र बर्लिनरनेच १९०० साली अमेरिकेत नोंदवले होते. त्या चित्रातही गंमत आहे. फ्रान्सिस बारो या चित्रकाराने कुत्र्यापुढे आधी नळकांड्याचा फोनोग्राफ काढला होता. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना त्याने तो पुसून तेथे ग्रामोफोन रंगवला.

हॅनोव्हरला भाऊ जोसेफ याच्यासह १८९८ साली बर्लिनरने तबकड्यांचा कारखाना काढला होता. वॉशिंग्टनमध्ये बर्लिनरच्या हाताखाली पियानो वाजवून तयार झालेला फ्रेड गायस्बर्ग १९०२ साली लंडनच्या कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. ते हॅनोव्हरला गेले, तेथे त्याच्या तबकड्या निघाल्या आणि बोटीने परत हिंदुस्थानात आल्या. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात. दूरच्या कारखान्यात कोणाची तबकडी कोणती हे कळावे म्हणून ती प्रथा पडली, असे सांगतात. आपल्या लाखेवर आपलेच गाणे, पण छाप हॅनोव्हरची.

धंद्यात एवढे झाल्यावर बर्लिनर कोर्टाच्या पायऱ्यांवरच म्हातारा झाला असता तर नवल नव्हते. पण त्याच सुमारास त्याची लहान मुलगी पोटाच्या विकाराने फार आजारी पडली. ती वाचली, दोष कच्च्या दुधात आहे अशी त्याची खात्री झाली. तापवून निर्जंतुक केलेले दूध मुलांना मिळावे म्हणून त्याने वर्षानुवर्षे चळवळ केली, पत्रके काढली, मुलांसाठी आरोग्याची गाणी लिहिली. आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापवण्याची रीत घरोघर असल्याने याचे मोल आपल्याला पटकन कळत नाही; तिकडे तान्ही मुले त्यापायी दगावत होती. १९०८ साली त्याने आईच्या, सारा बर्लिनरच्या, नावाने संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. शिवाय हलक्या विमान-इंजिनांचा नाद होताच. मुलगा हेन्री याच्याबरोबर तो हेलिकॉप्टरच्या खटपटीतही रमला.

३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे त्याचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा थाट करू नये, तो पैशाचा अपव्यय आहे, असे त्याने घरच्यांना आधीच लिहून ठेवले होते. ज्याच्या यंत्राने जगभर संगीत वाजले, त्याने तबकडी लावायला सांगितले नाही. मुलगी ॲलिस हिने बेथोव्हनच्या मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग स्वतः पियानोवर वाजवावा, तान्ही मुले पदरी असलेल्या काही गरीब आयांना पैसे द्यावेत आणि दिवस मावळता मावळता आपल्याला पुरावे, अशी त्याची इच्छा होती.