विश्लेषण : पुस्तकासोबत हाताचे काम… पंडिता रमाबाईंनी केडगावात हे कसे साधले?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे शाळेत हस्तकौशल्यांची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. पुणे जिल्ह्यातच सव्वाशे वर्षांपूर्वी असा एक मोठा प्रयोग झाला होता. काय होता तो?

चर्चा आता का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना राहून सुतारकाम, कुंभारकाम, बागकाम यांसारखी कामे स्थानिक कारागिरांकडून शिकावीत, अशी अपेक्षा आहे. हा वेळ अभ्यासातून वाया जातो का, असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. त्याचे एक उत्तर फार लांब नाही. जळोचीहून पाटसमार्गे पुण्याकडे निघाले, की चौफुल्याजवळ केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी मुलींना अक्षरओळख आणि हाताचे काम एकाच आवारात शिकवले.

ही गरज त्यांना कशी जाणवली?

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पुराण सांगत हे कुटुंब देशभर फिरत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात मात्र त्यांची अन्नान्न दशा झाली आणि आईवडील दगावले. घरात विद्या होती, पण पोट भरेल असे एकही काम कोणाला शिकवलेले नव्हते, ही खंत रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवली.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ मध्ये पतीचेही निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर घडवण्याची मागणी केली.

परदेशात काय शिकल्या?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. या काळात त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचे प्रशिक्षण घेतले. कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम यांतून मूल शिकते, हा या पद्धतीचा पाया.

फ्रोबेल यांच्या विचारांतून स्फूर्ती घेतलेल्या उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांनी फिनलंडने १८६६ मध्येच सर्वसाधारण शाळांत हस्तकाम सक्तीचे केले होते. तेथून ही कल्पना स्वीडन व इतर देशांत पसरली. रमाबाई शिकत होत्या तो काळ असा होता.

शारदा सदनात काय घडले?

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

त्याच वर्षी सदनात धर्मांतराला उत्तेजन मिळते, असा आरोप झाला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. स्थानिक पाठबळ आटले, परदेशी मदतीलाही मुदत होती. संस्था स्वतःच्या पायावर उभी करणे भाग होते. म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळबाग लावायला सुरुवात केली.

केडगावात कोणती कामे शिकवली जात?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरल्याने या मुलींना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. १८९८ मध्ये मुक्ती सदनाची उभारणी सुरू झाली. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर येथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

एवढ्या मुलींना नुसते जेवू घालणे पुरेसे नव्हते. सकाळ-दुपार शाळा आणि काम यांत वाटली जाई. विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणा, धुलाई, स्वयंपाक अशी कामे मुली शिकत. छापखानाही मुलीच चालवत. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी हे सारे त्यांच्याच हातचे. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. अंध मुलींसाठी वेगळा विभाग होता. तेथे मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवण्यास सुरुवात केली.

ज्या उच्चवर्णीय घरांत धुणे-विणणे हलके मानले जाई, तेथील विधवा आणि दुष्काळातून आलेल्या कुणबी-मजूर घरच्या मुली येथे एकत्र काम करत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

यात शिक्षण किती आणि श्रम किती?

हा प्रश्न रास्त आहे. मुलींच्या कामावर संस्थेचा खर्चही काही प्रमाणात चाले. १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींनी हस्तोद्योगावर आधारित शिक्षणाची योजना मांडली, तेव्हाही हीच शंका पुढे आली. मुलांच्या मालावर शाळेचा खर्च भागवायचा, तर शाळेचा कारखाना होणार नाही का? पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस करताना कामाचा उद्देश कमाईपेक्षा अनुभव हा धरला. मात्र अनेक शाळांत कार्यानुभव म्हणजे वहीत चिकटवलेला कागदी नमुना एवढेच उरले.

केडगावातील फरक नेमका येथे आहे. काम वापरात येणारे होते, शिकवणारी व्यक्ती ते काम जाणणारी होती आणि अक्षरे त्याच दिवशी शिकवली जात होती.

पुढे काय झाले?

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. मुक्ती मिशन आजही केडगावात कार्यरत आहे. आपल्या मुलांच्या शाळेत दप्तराविना दिवस ठरले, तर पालकांनी एवढे जरूर विचारावे : शिकवायला कारागीर येणार आहे का, आणि मूल स्वतःच्या हाताने काही बनवणार आहे का?