अन्नछत्रापलीकडचे दान

दारी आलेला याचक विन्मुख जाऊ नये, हा संस्कार बडोद्यातील आमच्या जुन्या घरात मलाही मिळाला. म्हणूनच जोसेफ राउनट्री यांचे चरित्र वाचताना मी आधी किंचित दुखावलो आणि मग अंतर्मुख झालो.

इंग्लंडमधील यॉर्क शहरी १८३६ साली एका क्वेकरपंथी किराणा व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी वडिलांबरोबर आयर्लंडला गेले असता दुष्काळाने केलेली वाताहत त्यांनी पाहिली. १८६९ पासून भावाच्या कोको कारखान्यात लक्ष घालून त्यांनी तो भरभराटीस आणला. पण दारिद्र्याचे आकडे जमविण्याचा ध्यास सुटला नाही. त्यांचे चिरंजीव सीबोम यांनी यॉर्कमधील ११,५६० कुटुंबांची पाहणी १९०१ साली प्रसिद्ध केली. शहराची चौथ्या हिश्शाहून अधिक वस्ती दारिद्र्यात होती, आणि अपुरी मजुरी हे त्याचे एक मोठे कारण होते.

१९०४ साली जोसेफ यांनी सुमारे अर्धी संपत्ती तीन न्यासांना दिली. गरिबांना सूप वाटण्यासाठी पैसा सहज जमतो, पण दैन्याचे मूळ शोधायला फारसे कोणी देत नाही, ही खंत त्यांनी तेव्हा लिहून ठेवली. मात्र ते नुसत्या संशोधनावर थांबले नाहीत. न्यू इअर्सविक येथे १९०२ पासून हवेशीर, परसबागेची घरे उभी राहत होती, तीही केवळ त्यांच्या कामगारांसाठी नव्हेत. १९२५ साली ते निवर्तले. त्यांच्या नावाची संस्था शोध आणि घरे ही दोन्ही कामे आजही करते.

याचकाला मूठभर धान्य मी अजूनही घालतो. पण तो दारी का आला, हे विचारल्यावाचून पुण्याचा हिशेब पुरा झाला असे आता वाटत नाही.