दत्तकाविना गेलेले राज्य

रायपूरची सत्ता १८५४ साली नागपूरकर भोसल्यांच्या हातून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, तेव्हा एकही लढाई झाली नाही. वारस न नेमता एक राजा निवर्तला आणि त्याच्या पश्चात राण्यांचा दत्तकाचा हक्क नाकारला गेला. एवढ्यावरच नागपूरपासून छत्तीसगढपर्यंतचा विस्तीर्ण मुलूख खालसा झाला. तिसरे रघूजी भोसले हे त्या राजाचे नाव. त्यांचे चरित्र वारसाहक्काच्या कायद्याच्या दृष्टीने वाचले, तर ते आजही जुने वाटत नाही.

रघूजींच्या जीवनाचा आरंभच दत्तकविधानाने झाला. दुसरे रघूजी भोसले १८१६ मध्ये वारले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने दुर्बल होते. सत्तेची सूत्रे चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे गेली आणि १८१७ च्या प्रारंभी परसोजींचा संशयास्पद मृत्यू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. तीत आप्पासाहेबांचा पाडाव झाला आणि पुढे त्यांना पदच्युत करण्यात आले. गादी रिकामी झाली तेव्हा दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा याची निवड झाली. परसोजींच्या विधवा दुर्गाबाई यांनी त्याला दत्तक घेतले आणि जून १८१८ मध्ये सुमारे दहा वर्षांचा हा मुलगा तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हे दत्तकविधान पतीच्या निधनानंतर विधवेने केलेले होते आणि ते रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या संमतीने झाले होते. कंपनीला त्यात त्या वेळी काहीही गैर वाटले नाही.

राजा अज्ञान असल्याने राज्यकारभार जेंकिन्स यांनी हाती घेतला आणि राजवाड्याची देखरेख दुसऱ्या रघूजींच्या विधवा बाकाबाई यांच्याकडे राहिली. याच काळात छत्तीसगढवर ब्रिटिश अधीक्षक नेमले गेले. कॅप्टन ॲग्न्यू यांनी बिंबाजी भोसल्यांच्या काळापासूनचे रतनपूरचे मुख्य ठाणे हलवून ते रायपूरला आणले. आजच्या राजधानीच्या प्रशासकीय महत्त्वाचा पाया असा एका अज्ञान राजाच्या नावाने चाललेल्या कारभारात घातला गेला. १८२६ च्या तहाने राजाला राज्याचा काही भाग परत मिळाला. छत्तीसगढ मात्र १८३० मध्ये परतले. तेथून पुढे कृष्णराव आप्पांपासून गोपाळरावांपर्यंतच्या मराठी सुभेदारांनी रायपुरात बसून हा प्रांत सांभाळला. लेखणी आणि हिशेब यांच्या आधारे येथे आलेल्या अनेक मराठी कुटुंबांचा इतिहास त्याच सुभ्याशी निगडित आहे.

प्रौढ रघूजींच्या कारभाराविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी बरीच प्रतिकूल टिपणे लिहून ठेवली. राज्य घेणाऱ्याने राजाविषयी लिहिलेले मत जपूनच वाचावे लागते. परंतु त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली, हे निर्विवाद आहे. पुत्रसंतान नसताना त्यांनी दत्तकाचा निर्णय पुढे ढकलला. दत्तकाचा विषय काढणे म्हणजे आता संतती होणार नाही अशी कबुली देणे, असे त्यांना वाटत असावे. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, तो इशारा पुरेसा होता. साताऱ्याच्या राजाने तर मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेला होता, तरीही तो अमान्य ठरला. तेव्हा नागपुरात दत्तकच नसेल तर काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजींचे निधन झाले. त्या दिवशी गादीला नेमलेला वारस नव्हता.

बाकाबाई आणि राण्यांनी आप्तांपैकी यशवंतराव अहेरराव यांची निवड केली. तेच पुढे जानोजी भोसले झाले. शास्त्राच्या दृष्टीने राण्यांची बाजू भक्कम होती. बनारस परंपरेत विधवेला दत्तकासाठी पतीची स्पष्ट अनुमती लागे, परंतु महाराष्ट्रातील परंपरेत पतीची मनाई नसेल तर विधवेला दत्तक घेता येई. असा पुत्र पतीच्या मृत्यूच्या क्षणापासूनच त्याचा पुत्र मानला जाई. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी हा युक्तिवाद मानला नाही. १८१८ मध्ये दिलेली गादी ही विजेत्याची देणगी होती आणि दत्तक घेऊन खासगी मालमत्ता चालवता आली तरी राज्य चालवता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. विदर्भाचा कापूस आणि मुंबई-कोलकाता दळणवळण यांचाही विचार त्यांच्या टिपणात होताच. कौन्सिलमधील कर्नल जॉन लो यांनी विरोध नोंदवला, रेसिडेंट मॅन्सेल यांनीही घराण्याला अनुकूल सूचना केली. दोघांचेही चालले नाही. मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले.

या तर्कातील विसंगती लवकरच उघडी पडली. दत्तकाने खासगी मालमत्ता मिळते, असे म्हणणाऱ्या सरकारनेच राजवाड्यातील जडजवाहीरही ताब्यात घेतले. हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव सीताबर्डीत झाला आणि दागिने कोलकात्यास विक्रीला गेले. त्या पैशाचा घराण्याच्या निर्वाहासाठी निधी करण्यात आला. राजाची खासगी संपत्ती कोणती आणि दौलतीची कोणती, याची स्वतंत्र मोजदाद रघूजींनी ठेवलेली नव्हती. ती मोजदाद मग दुसऱ्यांनी केली. वृद्ध बाकाबाईंनी अर्ज-विनंत्या केल्या, पण १८५७ च्या उठावात त्यांनी घराण्याला अलिप्त ठेवले. १८५८ मध्ये त्या वारल्या. जानोजींना नंतर देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला, राज्य मिळाले नाही. इकडे रायपुरात १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे नारायणसिंह फासावर गेले. उठावानंतर लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. नागपूरसाठी त्या उशिरा आल्या.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न नव्या चौकटीत आला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने विधवेला स्वतःच्या हक्काने दत्तक घेण्याची मुभा दिली. मात्र दत्तकापूर्वीच ज्या व्यक्तीत संपत्ती निहित झाली आहे, तिच्याकडून ती काढून घेता येत नाही. म्हणजे मृत्यूनंतरच्या दत्तकाने मागची मालमत्ता परत मिळवण्याची जुनी वाट बंद झाली. नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर न्यायालय ते दत्तक कायदेशीर असल्याचे गृहीत धरते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. मुलगा नाही म्हणून वारस नाही, हे समीकरण कायद्याने संपवले आहे.

तरीही रघूजींची चूक घराघरांत आजही होते. नोकरी रायपुरात, घर येथे, शेती विदर्भात, मुले परदेशात आणि इच्छापत्राचा विषय काढणे अशुभ, अशी स्थिती अनेक कुटुंबांत दिसते. इच्छापत्र साध्या कागदावर चालते. स्वतःची सही आणि त्या सहीच्या दोन साक्षीदारांच्या सह्या एवढेच त्याला लागते, नोंदणीची सक्ती नाही. वडिलोपार्जित किती आणि स्वकष्टार्जित किती, याची यादी मात्र हयातीतच करावी लागते, कारण दुसऱ्याच्या वाट्याचे इच्छापत्र कोणालाही करता येत नाही. नागपूरच्या राजवाड्यातील ती यादी अखेर लिलावासाठी तयार झाली.