मलिक अंबर : खडकाळ खडकीला पाणी आणणारा वजीर

हबशी मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात, साधारण १५४८ साली जन्मलेला एक पोरगा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. एका धन्याकडून दुसऱ्याकडं असं करत दख्खनमध्ये आला, अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगीजखान यांच्या चाकरीत लागला. चंगीजखान गेले आणि तो मोकळा झाला. पुढं हाच पोरगा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. शहाजीराजांसारखे मराठे सरदार त्यांच्या बाजूनं लढले, गनिमी काव्यानं मोगलांना त्यांनी वर्षानुवर्षं दमवलं. जमीन मोजून, तिचा मगदूर बघून सारा ठरवणारेही हेच. पाण्याचं काम मात्र फार कुणी सांगत नाही, आणि तेच जास्त टिकलं.

१६१० मध्ये अंबर यांनी दौलताबादजवळच्या खडकी गावी राजधानी वसवली. सैन्य आलं, बाजार आला, कारागीर आले. पण जागा खडकाळ. एवढ्या माणसांनी प्यायचं काय?

अंबर यांनी आधी पाण्याचं मूळ बघितलं. उत्तरेला डोंगर. तिथला पाऊस जमिनीत मुरतो, आतल्या आत खाली सरकतो. तिथंच जमिनीखाली भुयारं खोदली. आजूबाजूचं पाणी झिरपून त्यात जमायचं आणि उतारानं आपोआप शहराकडं यायचं. ना मोट, ना रहाट. लाईटबिलाचा तर प्रश्नच नाही! मध्ये मध्ये विहिरीसारखी तोंडं ठेवली, माणसानं आत उतरून गाळ काढावा म्हणून. शहरात उंच खांब बांधले, त्यांना बंबे म्हणतात. त्यातून हवा निघायची, पाण्याचा दाब जुळायचा. तिथून खापरी नळानं पाणी हौदात. सगळी वाट झाकलेली, त्यामुळं गुराढोरांची घाण नाही की उन्हाची वाफ नाही. हीच नहर-ए-अंबरी.

खडकीचं पुढं औरंगाबाद झालं. याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीची त्यातलीच. अंबरी नहरीनं तीनशेहून जास्त वर्षं पाणी दिलं. मग नळयोजना आली आणि नहरीला कुणी वाली उरला नाही. भुयार डोळ्याला दिसत नाही ना! वर घरं झाली, कुठं पाया खणताना ते फुटलं, कुठं सांडपाणी आत शिरलं. आज त्याच शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून पंपानं चढवून आणावं लागतं.

मे १६२६ मध्ये अंबर वारले. खुलताबादला त्यांची कबर आहे. वेरूळला निघालेल्या गाड्या बहुतेक न थांबताच पुढं जातात.